असिस्ट ऑन ठेव, बिनधास्त!

‘असिस्ट्स ऑन ठेवून रेसिंग गेम खेळणं म्हणजे सायकलला मागे छोटी चाकं लावणं,’ असं म्हणणारा एक तरी हीरो प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. नवा भिडू आला की हा आधी सेटिंग्जमध्ये घुसतो, सगळं ऑफ करतो आणि त्याच्या हाती पाचशे हॉर्सपॉवरची गाडी देतो. पहिल्याच वळणावर गाडी गरगर फिरते, पब्लिक खो-खो हसतं आणि नवा भिडू ‘मला नाही जमत रे’ म्हणत कंट्रोलर खाली ठेवतो. कायमचा! माझी मावसबहीण अशीच दोनदा आउट झाली होती. तिसऱ्यांदा शिकवणीचं कंत्राट मी घेतलं.

‘दादा, हसणार नसशील तरच खेळते,’ ही तिची अट. मंजूर.

मुळात गोची कुठे होते? खऱ्या गाडीत ब्रेक दाबला की पाय, पाठ, कान सगळे मिळून सांगतात, चाक लॉक होतंय. सोफ्यावर बसलेल्याकडे फक्त बोटभर ट्रिगर आणि समोर स्क्रीन. म्हणून एबीएस ऑन ठेवायला लाजायचं अजिबात कारण नाही. जीटी-थ्रीच्या खऱ्याखुऱ्या रेस कार्समध्येही एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असतं. फॉर्म्युला वनने असली मदत १९९४मध्ये बंद केली, ट्रॅक्शन कंट्रोल २००१मध्ये परत आणलं आणि २००८मध्ये पुन्हा हाकललं. आता बोला, ‘खरं ड्रायव्हिंग’ नेमकं कुठलं?

आम्ही ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ लावला. हा २०२२चा गेम सुरुवातीलाच साध्या छोट्या गाड्या पुढे करतो. तिने होंडा फिट घेतली, म्हणजे आपल्याकडे जॅझ नावाने विकली गेलेली गाडी. ट्रॅक जपानचा त्सुकुबा, जेमतेम दोन किलोमीटरचा. चुकलं तर तेच वळण मिनिटाभरात पुन्हा समोर. (नवशिक्याला साडेवीस किलोमीटरहून लांब न्युर्बुर्गरिंगवर नेणारे मित्र नसतात, शत्रू असतात.)

सगळ्यात आधी बंद केला तो स्टिअरिंग असिस्ट. गाडी आपण वळवली की गेमने, हेच कळत नसेल तर शिकणार काय? मग ऑटो ब्रेक. इथे ती दोन संध्याकाळी अडकली. वळणात शिरल्यावरही ब्रेक दाबून ठेवायची आणि गाडी सरळ बाहेर. शेवटी पगाराचा फंडा सांगितला : टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. सगळा ब्रेकिंगवर उधळलास तर वळायला शिल्लक काय? ब्रेक सरळ रस्त्यावर मार आणि वळताना हळूहळू सोड. ‘असं आधी सांगायचं ना!’ म्हणाली.

मग ती रस्त्यावरची रंगीत रेष. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’च्या २००५च्या पहिल्या गेमपासून ती कित्येकांची गुरू आहे. पण तिचा एक तोटा आहे. नजर बंपरच्या पुढे चिकटते, वळणाचा शेवट दिसतच नाही. रेष एकदम घालवण्यापेक्षा, जिथे सोय असेल तिथे फक्त ब्रेकिंगपुरती ठेवावी. आणि ‘फोर्झा’त रिवाइंड असेल तर बिनधास्त वापरावं. तेच वळण पाच वेळा घेणं ही चीटिंग नाही, रियाज आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या लायसन्स टेस्ट्स १९९७पासून दुसरं काय करतात? रस्त्याचा छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा.

एक पथ्य मी कसोशीने पाळलं. तिच्या हातातून कंट्रोलर घेऊन ‘हे बघ, असं’ कधीच केलं नाही. जाम खाज सुटते, पण नाही!

सध्या तिचा एबीएस ऑन आहे, रेष गेलीय आणि ट्रॅक्शन कंट्रोल पाचवरून एकवर आलंय. ते शून्यावर न्यायला ती तयार नाही. ‘मला जिंकायचंय दादा, सर्टिफिकेट नकोय,’ म्हणते. रविवारी आमच्या ग्रुपमधला हीरो येतोय. त्याच्या सगळ्या मदती ऑफ असणार. तिने ट्रॅक आधीच ठरवून टाकलाय : त्सुकुबा.