न पेटणाऱ्या प्रकाशाच्या शोधात

ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनमधून निघणारे बीटा कण इतके दुबळे असतात, की साध्या गायगर नळीच्या खिडकीतूनही ते आत शिरत नाहीत. म्हणून नमुनाच चमकणाऱ्या द्रवात मिसळतात. कणाची ऊर्जा आधी द्रावक शोषतो, ती त्यात विरघळलेल्या पीपीओसारख्या रसायनाकडे जाते आणि क्षीण प्रकाश उमटतो. प्रकाशगुणक नळी तो टिपते.

अडचण द्रावकाची. पूर्वी टोल्यूइन आणि झायलिन वापरत. तळोजा औद्योगिक वसाहतीसारख्या रासायनिक पट्ट्याला ही नावे नवी नाहीत. टोल्यूइनची वाफ सुमारे ४ अंश सेल्सियसलाच ठिणगीने पेट घेऊ शकते, झायलिनची २५ ते ३० अंशांच्या आसपास. पनवेलच्या उन्हाळ्यात दोन्ही धोक्याचीच. शिवाय ही वाफ श्वासालाही घातक.

आता डायआयसोप्रोपिल नॅप्थलीन आणि लिनियर अल्किल बेंझीन वापरतात. त्यांची वाफ ठिणगीने पेट घेण्याचे तापमान शंभर अंशांच्या बरेच वर आहे. दुसरे रसायन मुळात कपडे धुण्याच्या पावडरीचा कच्चा माल. तळोजापासून जवळच, रायगडमधल्याच पाताळगंगेला रिलायन्स ते बनवते. स्वस्त, मुबलक आणि पारदर्शक असल्याने चीनच्या जुनो न्यूट्रिनो प्रकल्पात त्यावर आधारित २०,००० टन द्रव भरला आहे. एवढा साठा ज्वालाग्राही द्रावकाचा असता, तर भूगर्भातल्या प्रयोगशाळेत तो सांभाळणे फार जोखमीचे ठरले असते.

तरीही हे द्रव अज्वलनशील नव्हेत, उशिरा पेटणारे आहेत. पाण्यावर आधारित मिश्रणे आणखी सुरक्षित, पण पाणी वाढले की प्रकाश घटतो.