बंदूक गाडीत, गाडी मालकाच्या आवारात

अमेरिकेतील शस्त्रवाद म्हटला की बंदूकवाले एका बाजूला आणि बंदी मागणारे दुसऱ्या बाजूला, असे सरळ चित्र डोळ्यांसमोर येते. मात्र या वादाचे एक अंग असे आहे, की तेथे ही विभागणी कोलमडते. कर्मचाऱ्याने आपल्या मोटारीत कुलूपबंद ठेवलेली बंदूक कंपनीच्या वाहनतळावर आणावी की नाही, हा तो प्रश्न. एका बाजूला शस्त्र बाळगण्याचा हक्क, तर दुसऱ्या बाजूला खासगी मालमत्तेचा हक्क. दोन्ही हक्क अमेरिकी परंपरावाद्यांना सारखेच प्रिय असल्याने या प्रश्नाने त्यांच्यातच फूट पाडली.

वादाला तोंड फुटले ते ओक्लाहोमा राज्यातील व्हॅलियंट या छोट्या गावी. १ ऑक्टोबर २००२ रोजी तेथील वेअरहाउसर कंपनीच्या कागद कारखान्याच्या वाहनतळावर श्वानपथकाच्या मदतीने मोटारींची झडती घेण्यात आली. अनेक मोटारींत बंदुका सापडल्या आणि सुमारे डझनभर कामगारांना काढून टाकण्यात आले. शिकारीची आवड असलेल्या त्या ग्रामीण भागात मोटारीत बंदूक असणे ही नित्याची बाब. साहजिकच गहजब झाला. कामगार न्यायालयात गेले, पण २००६ मध्ये अपील न्यायालयाचा कौलही कंपनीच्याच बाजूने लागला.

असे का झाले, हे समजण्यासाठी अमेरिकी राज्यघटनेची मांडणी लक्षात घ्यावी लागते. १७९१ मधील दुसरी घटनादुरुस्ती शस्त्राचा हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात तो व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले आणि २०२२ च्या ब्रुएन खटल्यात तो घराबाहेरही लागू असल्याचे सांगितले. परंतु ही घटनादुरुस्ती हात बांधते ते सरकारचे. खासगी मालकाने आपल्या दारात 'शस्त्र आणू नये' असा फलक लावला, तर घटनेचा भंग होत नाही. त्यातच तेथील बहुतेक खासगी नोकऱ्या मालकाच्या मर्जीवर चालतात. त्यामुळे कामगाराला घटनेचा आधार मिळत नाही. तो मिळवायचा तर राज्याला कायदा करावा लागतो.

ओक्लाहोमाने तेच केले. मोटारीत कुलूपबंद ठेवलेल्या शस्त्रावर मालकाला बंदी घालता येणार नाही, असा कायदा २००४ मध्ये झाला. व्हर्लपूल, कोनोकोफिलिप्स यांसारख्या कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. व्हर्लपूलने पुढे माघार घेतली. कोनोकोफिलिप्सवर मात्र नॅशनल रायफल असोसिएशनने २००५ मध्ये बहिष्काराची हाक दिली. २००७ मध्ये जिल्हा न्यायालयाने कायद्याला मनाई केली. कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी १९७० चा केंद्रीय कायदा मालकावर टाकतो आणि राज्याचा कायदा त्याच्या आड येतो, असे कारण देण्यात आले. फेब्रुवारी २००९ मध्ये अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. कोणा कर्मचाऱ्याच्या हातून अवचित हिंसा घडेल, हे गृहीत धरून बंदी घालण्याचे बंधन केंद्रीय कायदा मालकावर टाकत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

दोन्ही पक्षांचे युक्तिवाद हलके नाहीत. रात्रपाळी संपवून निर्जन रस्त्याने घरी जाणाऱ्या परिचारिकेला बंदूक कारखान्यात नको असते, रस्त्यात हवी असते. वाहनतळावर बंदी आली, की घरापासून घरापर्यंतच्या साऱ्या प्रवासात ती निःशस्त्र होते. म्हणजे मालकाची सत्ता त्याच्या कुंपणापलीकडे पोहोचते. उलट मालकाचा प्रश्न असा की, जागा माझी, कर माझा, अनर्थ घडला तर मृत्यूही माझ्याच माणसांचे; मग आत काय यावे हे ठरवणारे सरकार कोण? ८ जुलै २००३ रोजी मिसिसिपीतील मेरिडियन येथे लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात एक कामगार बैठकीतून उठून गेला, आपल्या गाडीतून बंदुका घेऊन परतला आणि त्याने सहा सहकाऱ्यांचा बळी घेतला. नॉर्थ कॅरोलिनातील कामाच्या ठिकाणांच्या २००५ मधील एका अभ्यासात, बंदुकांना मुभा असलेल्या ठिकाणी कामगाराची हत्या होण्याची शक्यता संपूर्ण शस्त्रबंदी असलेल्या ठिकाणांच्या तुलनेत पाच ते सात पट आढळली. अर्थात, मुळातच धोक्याच्या जागी मालक मुभा देत असतील, ही शक्यताही उरते.

कायदेमंडळांनी यातून तडजोडीची वाट काढली. वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. बहुतेकांत शस्त्र कुलपात व नजरेआड असावे, अशी अट आहे आणि मोटारीतील शस्त्रामुळे काही घडल्यास मालकाला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण आहे. फ्लॉरिडाच्या २००८ च्या कायद्याने तर 'गाडीत बंदूक आहे का' असे विचारण्यासही मालकाला मनाई केली. ग्राहकांना लागू होणारा त्यातील भाग मात्र न्यायालयाने रोखला. शोभेच्या दारूसाठी स्फोटकांचा परवाना असल्याने आपल्याला सूट आहे, अशी भूमिका तेथील डिस्ने वर्ल्डने घेतली. परवानाधारक मालकांना कायद्यातच तशी सूट ठेवलेली होती.

या प्रश्नाची राजकीय धार टेनेसीत दिसली. वाहनतळाचे विधेयक अडवल्याचा ठपका ठेवून रायफल असोसिएशनने २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्याच वरिष्ठ आमदार डेब्रा मॅगार्ट यांच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि पक्षांतर्गत निवडणुकीत त्या पराभूत झाल्या. पुढच्याच वर्षी विधेयक मंजूर झाले. पण त्यात नोकरीचे संरक्षण नसल्याचे राज्याच्या महाधिवक्त्यांनी स्पष्ट केले. ती उणीव २०१५ मध्ये भरून काढावी लागली.

ब्रुएन निकालानंतर वादाची दिशा पालटली. मालकाने मनाई केली नसेल तर मुभा, हा जुना नियम न्यूयॉर्कने २०२२ मध्ये आणि हवाईने २०२३ मध्ये उलटा केला: मालकाने स्पष्ट परवानगी दिली तरच शस्त्र. हवाईच्या नियमाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुनावणीस घेतला. दुसरीकडे, २०२१ च्या सीडर पॉइंट खटल्यात याच न्यायालयाने कामगार संघटकांना शेतमालकाच्या जागेत सक्तीने प्रवेश देणे म्हणजे मालमत्ता काढून घेणे होय, असा निर्णय दिला. त्याचा आधार उद्या कारखानदारही घेऊ शकतील. कर्मचाऱ्याला आवारात मालकानेच बोलावलेले असते, हे उत्तर तेव्हा कसोटीला लागेल.

भारतात शस्त्र हा मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या कायद्यानुसार मिळणारा तो परवाना आहे. त्यामुळे हा पेच आपल्याकडे उद्भवत नाही. मात्र नोकरीनिमित्त ओक्लाहोमा, टेक्सास वा फ्लॉरिडात राहणाऱ्या मराठी माणसासाठी तो पुस्तकी नाही. शेजारी उभ्या मोटारीत काय आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि काही राज्यांत त्याच्या मालकालाही ते विचारता येत नाही. एकाच्या सुरक्षिततेचे साधन दुसऱ्याच्या भीतीचे कारण ठरते, तेव्हा रेषा कोठे आखायची, हे हक्कांची नुसती यादी सांगू शकत नाही. अमेरिकेने ती रेषा तूर्त मोटारीच्या दारावर आखली आहे. कुलूप किती पक्के, हाच खरा प्रश्न आहे.