भीमाशंकरचे रान आणि शेकरू

भीमाशंकर पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. मंचर-घोडेगाववरून एस. टी. जाते. तिथले देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे. भोवतालचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. अभयारण्य म्हणजे जिथे जनावरांना भय नाही असे रान.

तिथे शेकरू असते. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. शेपूट लांब नि झुपकेदार. हा आपल्या राज्याचा प्राणी आहे. शेकरू सहसा जमिनीवर येत नाही. ते फांदीवरून फांदीवर उड्या मारत जाते. एकटेच पुष्कळ घरटी बांधते. मधले झाड तोडले की त्याची वाटच मोडते. मग ते खाली उतरते आणि कुत्री त्याला धरतात.

भीमा नदी इथेच उगम पावते. पंढरपूरला तिलाच चंद्रभागा म्हणतात. रानातली झाडे पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात. ते हळूहळू झिरपून नदीला मिळते. आपले गावपण भीमेकाठीच आहे, म्हणून ते रान आपलेही आहे.

जवळ नागफणीचा कडा आहे. तिथून खाली कोकण दिसते. वाटेत डिंभे धरण लागते. जुन्नरला शिवनेरी किल्ला आहे. तिथे १६३० साली शिवाजी महाराज जन्मले.

आईबाबांनो, यात्रेला जाल तेव्हा शेकरूला बिस्किटे टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणा. आणि मुलांनो, रानात हळू बोला. गलका केला की शेकरू पानांत लपते, मग कोणालाच दिसत नाही.