एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडे



मुलांच्या शिक्षणाच्या लॅपटॉपात कधी विंडोज आणि उबुंटू या दोन कार्यप्रणालींची बिऱ्हाडे असतात. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून विंडोज ११ बसविण्याची घाई होते.

त्याआधी, बियाणे राखून ठेवतो तसे सातबारा, पीकविम्याची पावती, फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा. दाव्याच्या वेळी तीच पावती लागते. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली वहीत लिहा. चार्जर लावूनच काम सुरू करा. 'फॉरमॅट' दिसले की थांबा.

नंतर थेट विंडोजच उघडले, तर उबुंटू पुसले गेले असे समजू नका. बहुधा फक्त क्रम बदललेला असतो. बायोसच्या बूट यादीत उबुंटू पुन्हा वर घ्या.