स्क्वॉश कोर्टाचे नूतनीकरण

स्क्वॉश कोर्टाचे नूतनीकरण म्हणजे वापराने, ओलीने अथवा दुर्लक्षाने खेळण्यास अयोग्य झालेल्या स्क्वॉश कोर्टाच्या भिंती, जमीन, प्रकाशयोजना व वायुवीजन यांची पद्धतशीर दुरुस्ती करून ते पुन्हा प्रमाणित मापांत व सुरक्षित स्थितीत आणणे होय. क्लबांची कोर्टे सभासदांच्या वर्गणीतून सांभाळली जातात. सार्वजनिक क्रीडा संकुलांतील कोर्टांना मात्र मर्यादित निधी, मोठी वर्दळ आणि अनियमित देखभाल या तिन्ही अडचणी एकाच वेळी सोसाव्या लागतात. अशी कोर्टे वेळेवर दुरुस्त न झाल्यास त्यांची व्यायामशाळा होते किंवा सामान ठेवण्याची खोली होते, आणि क्लबाचे सभासद नसलेल्यांना हा खेळ शिकण्याचे ठिकाण उरत नाही.

पार्श्वभूमी

स्क्वॉश हा खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील हॅरो येथील शाळेत उदयास आला. ब्रिटिश सैन्याच्या छावण्या व अधिकाऱ्यांचे क्लब यांच्यामार्फत तो भारतीय उपखंडात पोहोचला. पेशावरच्या अशाच एका क्लबात चेंडू गोळा करून देत देत खेळ शिकलेले हाशिम खान यांनी १९४४ साली मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा जिंकली व पुढे १९५१ साली ब्रिटिश ओपनचे विजेतेपद मिळवले. १९९८ पासून हा खेळ आशियाई व राष्ट्रकुल या दोन्ही क्रीडास्पर्धांत खेळला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वॉशचा समावेश मंजूर झाला. त्यामुळे सर्वसामान्यांना उपलब्ध असलेल्या कोर्टांच्या स्थितीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला आहे.

प्रमाणित मापे

दुरुस्तीचा आराखडा करण्यापूर्वी कोर्टाची मापे तपासणे आवश्यक असते. एकेरी सामन्यांच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाची मुख्य मापे अशी आहेत :

- लांबी : ९.७५ मीटर
- रुंदी : ६.४० मीटर
- पुढच्या भिंतीवरील वरच्या सीमारेषेची उंची : ४.५७ मीटर
- मागच्या भिंतीवरील सीमारेषेची उंची : २.१३ मीटर
- जमिनीपासून किमान मोकळी उंची : ५.६४ मीटर
- रेषांची जाडी : ५० मिलिमीटर

पुढच्या भिंतीच्या तळाशी ४८ सेंटिमीटर उंचीची पत्र्याची पट्टी असते, तिला 'टिन' म्हणतात. व्यावसायिक स्पर्धांत तिची उंची ४३ सेंटिमीटर ठेवतात. चेंडू टिनवर आदळला की भिंतीपेक्षा वेगळा, ठळक आवाज व्हावा अशी अपेक्षा असते, कारण पंच व खेळाडू निर्णयासाठी त्या आवाजावर अवलंबून असतात. गंजलेला किंवा सैल झालेला पत्रा बदलणे हे कमी खर्चाचे, परंतु खेळात लगेच जाणवणारे काम आहे.

नुकसानीची कारणे

जुन्या कोर्टांच्या बिघाडाचे सर्वांत मोठे कारण ओल हे आहे. छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पाणी गिलाव्यात उतरते, गिलावा विटांपासून सुटतो व त्याचे पोपडे निघतात. जमिनीखालून येणाऱ्या ओलीने लाकडी फळ्या फुगतात, कडांनी उचलल्या जातात आणि कालांतराने कुजतात. कोकण व पश्चिम महाराष्ट्रातील पावसाळ्यात हवेतील दमटपणाच इतका वाढतो की, छप्पर गळत नसले तरी बंदिस्त कोर्टाच्या भिंतींना पाणी सुटते. ओल्या भिंतीवर चेंडू घसरतो व ओल्या जमिनीवर खेळाडू घसरतो.

दुसरे कारण चुकीची दुरुस्ती हे होय. घरगुती तैलरंगाने रंगवलेली भिंत गुळगुळीत व चकचकीत होते. तिच्यावर चेंडूचे काळे डाग कमी पडतात, पण चेंडू अपेक्षित कोनात परतत नाही. त्याचप्रमाणे फळ्यांवर व्हार्निशचा थर दिल्यास जमीन सुंदर दिसते, मात्र घामाचे थेंब लाकडात न मुरता पृष्ठभागावर राहतात व पाय निसटतो. म्हणून स्क्वॉश कोर्टाची लाकडी जमीन सामान्यतः बिनपॉलिशची ठेवली जाते.

भिंतींची दुरुस्ती

भिंत कोठे पोकळ झाली आहे हे लाकडी हातोडीने हलके ठोकून ओळखता येते. भरीव गिलाव्याचा आवाज टणक, तर सुटलेल्या गिलाव्याचा बद्द येतो. नुकसान थोड्या भागापुरते असेल तर तेवढाच भाग विटांपर्यंत खरवडून नवा गिलावा करतात. तथापि जुन्या व नव्या गिलाव्याच्या सांध्यावर चेंडूची उसळी बदलते. त्यामुळे पुढच्या भिंतीच्या बाबतीत ठिगळे लावण्याऐवजी संपूर्ण पृष्ठभाग नव्याने करणे श्रेयस्कर मानले जाते. नवा गिलावा पूर्ण वाळल्याखेरीज त्यावर खेळू नये, अन्यथा चेंडूच्या माऱ्याने त्यात बारीक भेगा पडतात.

दुसरा पर्याय तयार पॅनेलचा आहे. यात दाबून तयार केलेले कठीण तक्ते भिंतीवर सांगाड्याच्या आधारे बसवले जातात; काही पद्धतींत तक्त्यांमागची पोकळी वाळूने भरतात, जेणेकरून उसळी भरीव भिंतीसारखी यावी. पॅनेल लवकर बसतात, परंतु त्यांच्या जाडीमुळे कोर्टाची आतील रुंदी कमी होते. त्यामुळे आधीच अरुंद असलेल्या कोर्टात हा उपाय करण्यापूर्वी मोजणी अनिवार्य ठरते. कोणताही पर्याय निवडला तरी आधी ओलीचा उगम बंद करावा लागतो. गळके छप्पर तसेच ठेवून केलेला गिलावा टिकत नाही.

मागची भिंत काचेची करण्याचा प्रघात १९७० च्या दशकापासून रूढ झाला. यासाठी १२ मिलिमीटर जाडीची, उष्णतेची प्रक्रिया केलेली मजबूत काच वापरतात. प्रेक्षकांची सोय हा तिचा एक लाभ होय. सार्वजनिक ठिकाणी आणखी एक लाभ संभवतो : पालक, प्रशिक्षक व कर्मचारी यांना बाहेरूनच आत काय चालले आहे ते दिसते, त्यामुळे मुले व एकटे खेळणारे अधिक सुरक्षित राहतात.

जमीन

कोर्टाच्या जमिनीसाठी मेपल किंवा बीच यांसारखे कठीण लाकूड वापरले जाते. फळ्या बाजूच्या भिंतींना समांतर बसवतात. त्यांच्याखाली लाकडी पट्ट्या व रबराचे तुकडे असतात, त्यामुळे जमीन किंचित दबते आणि गुडघे व घोटे यांवरील आघात सौम्य होतो. काँक्रीटवर थेट चिकटवलेल्या फळ्यांना हा गुण नसतो. नवी जमीन घालताना तिच्याखाली ओलरोधक थर देणे व फळ्या आणि भिंत यांच्यात प्रसरणासाठी थोडी फट ठेवणे आवश्यक असते.

जमीन मूलतः चांगली असेल, तर यंत्राने घासून ती पुन्हा खरखरीत करता येते. मात्र फळ्यांचे सांधे उघडे पडेपर्यंतच असे घासणे शक्य असते. घासण्याची वेळ लवकर येऊ नये यासाठी खेळाडूंनी डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे बूट घालणे व बाहेर वापरलेले बूट कोर्टात न आणणे हा नियम बहुतेक ठिकाणी असतो.

प्रकाश, हवा व तापमान

चेंडू सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा, काळा व अत्यंत वेगवान असल्यामुळे प्रकाश सर्वत्र सारखा व सावलीरहित असावा लागतो. जुने दिवे बदलून एलईडी दिवे बसवल्याने विजेचा खर्च घटतो, पण ते न लुकलुकणारे व डोळ्यांवर थेट न चमकणारे असावेत. दिवे, पंखे अथवा नळ ५.६४ मीटरच्या मोकळ्या उंचीच्या खाली येता कामा नयेत.

तापमानाचा परिणाम चेंडूवर होतो. पोकळ रबरी चेंडू मारामुळे तापतो, आतील हवेचा दाब वाढतो व तो अधिक उसळतो. थंड कोर्टात तो निर्जीव राहतो, तर उष्ण कोर्टात आटोक्याबाहेर जातो. स्पर्धांत दोन पिवळ्या ठिपक्यांचा मंद चेंडू वापरतात. नवशिक्यांसाठी जास्त उसळणारे चेंडू मिळतात. वातानुकूलन परवडत नसेल तेथे उंचावर बसवलेले, हवा बाहेर फेकणारे पंखे व खालून हवा आत येण्याची वाट एवढी सोयही दमटपणा पुष्कळ कमी करते.

अन्य कोर्टांचे रूपांतर

उत्तर अमेरिकेत कठीण चेंडूच्या जुन्या खेळासाठी ५.६४ मीटर रुंदीची कोर्टे होती. आंतरराष्ट्रीय पद्धतीचा मऊ चेंडू तेथे रूढ झाल्यावर अनेक संस्थांनी ती रुंद केली किंवा सोडून दिली. काही सार्वजनिक केंद्रांत रॅकेटबॉलच्या १२.१९ मीटर लांब व ६.१० मीटर रुंद कोर्टात ९.७५ मीटरवर नवी मागची भिंत उभारून स्क्वॉशची सोय केली जाते. रुंदी सुमारे ३० सेंटिमीटरने कमी पडत असली, तरी शिकण्यासाठी व सरावासाठी असे कोर्ट उपयोगी ठरते.

जागेचा लवचीक वापर करण्यासाठी सरकत्या भिंतींचाही उपयोग होतो. शेजारी असलेल्या चार एकेरी कोर्टांच्या मधल्या भिंती सरकवून ८.४२ मीटर रुंदीची तीन दुहेरी कोर्टे करता येतात.

सार्वजनिक संकुलांतील नियोजन

स्क्वॉश कोर्ट सुमारे ६२ चौरस मीटर जागा व्यापते आणि एका वेळी बहुधा दोघेच खेळतात. त्यामुळे जागेचा अपव्यय होतो, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर असे दिले जाते की, एक सामना पाऊण तासात आटोपतो, पाऊस वा ऊन यांमुळे खेळ थांबत नाही आणि सकाळपासून रात्रीपर्यंत कोर्ट वापरता येते. अर्थात हे उत्तर कोर्ट खेळण्याजोगे असेल तोवरच खरे ठरते. नादुरुस्त कोर्टात खेळाडू येत नाहीत आणि खेळाडू येत नाहीत म्हणून दुरुस्तीला निधी मिळत नाही.

निधी अपुरा असल्यास कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम छप्पर व ओल, नंतर जमीन व सैल गिलावा यांसारखे इजेस कारणीभूत होणारे दोष, त्यानंतर प्रकाश व वायुवीजन आणि शेवटी रंग, काच व प्रेक्षक सज्जा असा क्रम तर्कसंगत होय. सर्व कोर्टांवर थोडाथोडा खर्च करण्यापेक्षा एकेक कोर्ट पूर्णपणे दुरुस्त केल्यास उरलेली कोर्टे त्या काळात वापरात राहतात. काम संपल्यावर रोज कोरड्या झाडूने धूळ काढणे, ठरावीक काळाने भिंतींवरील डाग पुसणे व पावसाळ्यापूर्वी छताची पाहणी करणे एवढ्या नित्य देखभालीने नूतनीकरणाचे आयुष्य वाढते.