चार्जिंगची बॅटरी दगा का देते?

वीज जाते आणि नेमकी तेव्हाच चार्जिंगची बॅटरी पेटत नाही. दोष बहुधा एलईडीचा नसतो. फार तापू दिला नाही तर तो हजारो तास चालतो. संपतो तो आतला सेल.

स्वस्त बॅटऱ्यांत अनेकदा ४ व्होल्टचा, शिसे आणि आम्लाचा सेल असतो. तो उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिला की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. मग रात्रभर चार्ज करा, पाच मिनिटांत उजेड मंदावतो. वापर नसला तरी महिन्या-दोन महिन्यांनी चार्जिंगला लावावी. आणखी एक, फार महत्त्वाचं: यांतल्या पुष्कळ बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसता कपॅसिटर असतो. प्लग लावलेला असताना झाकण उघडून आत हात घातला तर २३० व्होल्टचा झटका बसू शकतो.

घरी बनवायची तर १८६५० हा लिथियमचा सेल घ्यावा. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ पुरतात. म्हणून मध्ये रेझिस्टर हवाच. १ वॅटच्या एलईडीला ८.२ ओहमचा लावला तर सुमारे १५० मिलिअँपिअर प्रवाह जातो. घरात वावरायला तेवढा उजेड पुरे. चार्जिंगसाठी टीपी४०५६ मॉड्यूल, तेही संरक्षण-सर्किट असलेलंच. सेलवर थेट डाग देऊ नये, उष्णतेने तो बिघडतो. पट्ट्या जोडलेला सेल मिळतो, तो घ्यावा. वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर सरळ परत करावा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते.