मुसाफिराचा रोजा

परवा तरावीहहून आल्यावर एक जुनं प्रवासवर्णन घेऊन बसलो होतो. रमजानमध्ये रात्रीचं वेळापत्रक असंही बिघडलेलं असतं. गाढ झोप लागली तर सहेरीला जाग येत नाही, म्हणून काहीतरी वाचत पडायची सवय लागली आहे. पुस्तक एका रशियन व्यापाऱ्याचं. साडेपाचशे वर्षांपूर्वी हा गृहस्थ कोकणात चौलच्या बंदरावर उतरला. तिथून खुष्कीच्या वाटेने आठ दिवसांनी पालीला आला. पालीहून दहा दिवसांनी उमरीला पोहोचला.

उमरी! मी उठून बसलो. पुन्हा वाचलं. उमरीच. आमच्या गावाचं नाव फार तर रेल्वेच्या वेळापत्रकात सापडायचं, नाहीतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात, 1948 सालच्या बँकेच्या प्रकरणात. आणि इथे ते पंधराव्या शतकातल्या रशियन हस्तलिखितात निघालं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात इतिहास विभागातल्या सहकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सर, बोर्ड लावून टाका स्टेशनवर."

बोर्ड काही लावता येणार नाही. पुढच्याच वाक्यात तो माणूस उमरीहून आठवडाभराच्या आत जुन्नरला पोहोचतो. कोकणातून जुन्नरला निघालेला माणूस नांदेडकडे वाकडी वाट कशाला करेल? ती उमरी सह्याद्रीच्या आसपासची कुठलीतरी दुसरी असणार. आपल्याकडे उमऱ्या काय कमी आहेत? उंबराचं झाड आहे तिथे उमरी आहे. गावाचा मान गेला याचं थोडं वाईट वाटलं, पण त्या नावापायी मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. पुढे जे सापडलं ते नावापेक्षा मोलाचं निघालं.

त्याचं नाव अफनासी निकितिन. रशियातल्या व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातला. साधारण 1466 ते 1472 हा त्याच्या प्रवासाचा काळ पूर्वीपासून धरला जातो. अलीकडचे काही अभ्यासक तो दोनेक वर्षं पुढे नेतात. तो काही हिंदुस्थान बघायला निघालेला नव्हता. माल घेऊन व्होल्गा उतरत होता, अस्त्राखानजवळ तातारांनी गाठून लुटलं. लुटले गेल्यावर ज्यांचं गावी काही शिल्लक होतं ते परत गेले; ज्यांच्या डोक्यावर देणं होतं त्यांना घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. निकितिन परत गेला नाही. दरबंद, बाकू, मग इराणात गावोगाव, मग होर्मुझचं बंदर. तिथून एक घोडा घेऊन तो जहाजाने चौलला आला. त्या काळी दख्खनमध्ये अरबी-इराणी घोड्यांना सोन्याचा भाव होता. या घोड्यापायी शंभर रूबल गेले, असं तो लिहितो. म्हणजे माणसाकडे जे काही उरलं होतं ते सगळं चार पायांवर उभं होतं.

चौलला लोक त्याच्या मागे मागे फिरत. गोरा माणूस कधी पाहिलेला नव्हता. तोही त्यांच्याकडे तितक्याच नवलाने बघत होता. मग जुन्नरला पोहोचला आणि पावसाळा सुरू झाला. हा पाऊस त्याला हिवाळा वाटला! चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. याच दिवसांत इथले लोक नांगरतात, पेरतात, हे त्याने बारकाईने टिपलं आहे. घोड्यांना हरभरा घालतात आणि खिचडी शिजवून चारतात, हेही. खिचडी हा शब्द त्याने रशियन लिपीत जवळजवळ जसाच्या तसा लिहिला आहे. आमच्या घरी तो वाचून दाखवला तेव्हा लेकरं खो-खो हसली.

जुन्नरलाच त्याच्यावर खरा प्रसंग आला. आणि रमजानच्या पानावर लिहितोय म्हणून तो मी गाळणार नाही. तिथल्या असद खानाला कळलं की हा मुसलमान नाही. त्याने घोडा काढून घेतला आणि सांगितलं, आमच्या दीनमध्ये ये. घोडाही देतो, वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडा जाईल आणि हजार मोहरा तुझ्याकडूनच वसूल करीन. मुदत चार दिवसांची. परमुलखात एकटा, अंगावरच्या कपड्यानिशी लुटला गेलेला माणूस. धर्मात जबरदस्ती नाही असं कुरआन स्पष्ट सांगतं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. पण खानाच्या हातात घोडा होता, आणि सत्ता हातात असली की किताब कपाटात राहते. हे कुठल्याही एका धर्माचं वैशिष्ट्य नाही, तरी आपल्या घरातलं आपण सांगितलेलं बरं.

सोडवलं कोणी? त्याच सुमारास जुन्नरला आलेल्या एका खुरासानी मुसलमानाने. निकितिन त्याला महंमद म्हणतो. निकितिनने त्याच्याकडे गयावया केली. तो गृहस्थ खानाकडे किल्ल्यावर गेला, रदबदली केली, या माणसाला धर्म बदलायला लावू नका म्हणून सांगितलं आणि घोडाही सोडवून आणला. इतिहासात या खुरासानी माणसाला फारशी जागा नाही. मला मात्र सगळ्या पुस्तकात तोच सर्वांत मोठा वाटला.

पुढे महिनाभराची मजल मारून निकितिन बीदरला आला. आमच्याकडच्या वाचकांना बीदर काही लांब नाही. नायगाव, देगलूर, औराद करत गेलं की दुपारच्या आत पोहोचतो. आमचा हा मुलूखही तेव्हा बहमनी राज्यात होता आणि बीदर ही त्याची राजधानी. तिसरा मुहम्मद शाह तख्तावर होता, वय अवघं वीस, पण कारभार वजीर महमूद गवानच्या हातात. 1472 मध्ये पुरा झालेला त्याचा मदरसा आजही निम्मा उभा आहे. समोरच्या मिनाराच्या निळ्या फरशा अजून उन्हात चमकतात. ईदच्या दिवशी सुलतानाची स्वारी निघाली तेव्हा निकितिन बघायला उभा होता. वीस मोठे वजीर, चिलखत घातलेले तीनशे हत्ती आणि त्यांच्या पाठीवर बुरूज. पण या झगमगाटाने त्याचे डोळे दिपले नाहीत. सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि खेड्यातली माणसं फार हलाखीत आहेत, हेही त्याने लिहून ठेवलं.

महालाच्या दारांवर आल्या-गेल्याची नोंद ठेवायला कारकून बसलेले. परदेशी माणसाला आत सोडत नाहीत, असं तो सांगतो आणि परदेशी माणसासाठी शब्द वापरतो 'गरीब'. इथे माझ्यासारखा भाषेचा मास्तर थबकणारच. मराठीत आणि आजच्या उर्दूतही गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. मूळ अरबीत गरीब म्हणजे परका, वतनापासून दूर पडलेला. बहमनी दरबारात इराण-तुराणातून आलेल्यांना गरीबच म्हणत आणि त्यांचं दख्खनी सरदारांशी सदैव वाकडं. महमूद गवान स्वतः इराणातल्या गीलानचा, म्हणजे गरीबच. पुढे 1481 मध्ये विरोधकांनी खोटं पत्र रचून त्याचा जीव घेतला. एवढा मोठा वजीर, पण शेवटी परका तो परकाच राहिला.

बीदरमध्ये आपला माणूस काही महिने राहिला. व्यवहारात त्याने खुरासानी नाव घेतलं होतं, ख्वाजा यूसुफ. हिंदूंशी ओळख वाढली तेव्हा मात्र त्याने त्यांना खरं सांगून टाकलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. काय खातात, कशी पूजा करतात, काय व्यापार करतात, सगळं दाखवलं. मुसलमानाची नजर पडलेलं अन्न ते खात नाहीत, हेही त्याने लिहिलं आहे. मला ते वाचताना टोचलं, पण खोटं काय आहे त्यात? शिवरात्रीला ते त्याला सोबत घेऊन श्रीशैलच्या यात्रेला गेले, महिन्याची वाट. त्या ठिकाणाची ओळख त्याने आपल्या लोकांना करून दिली ती अशी, की मुसलमानांना मक्का, आपल्याला जेरुसलेम, तसं हिंदूंना हे पर्वत. तौलनिक धर्माभ्यासावर जाडजूड पुस्तकं लिहिली जातात. या माणसाने तो विषय एका ओळीत उरकला.

आता रोज्याचं. लूट झाली तेव्हा मालाबरोबर त्याच्या धर्माची पुस्तकंही गेली होती. त्यामुळे सण कधी, उपवास कधी, ईस्टर कधी, काही कळेना. वर्षं उलटत चालली आणि दिवसांचा हिशेब सुटला. चैत्र कुठला नि वैशाख कुठला हेच कळत नसेल तर माणसाचं काय होत असेल याचा विचार करा. मग त्याने आजूबाजूच्या खुणा धरल्या. बीदरच्या आकाशात पहाटे कृत्तिका कुठे आहेत, सप्तर्षींचं डोकं कुणीकडे आहे, हे पाहिलं. मुसलमानांची ईद कधी येते ते पाहिलं आणि ईस्टर तिच्या नऊ-दहा दिवस आधी असावा असा अंदाज बांधला. तो चुकीचा होता हे आपण सांगू शकतो, कारण आपली ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, ईस्टर तसा सरकत नाही. पण अंधारात चाचपडणाऱ्याला जी भिंत लागेल तीच खरी.

आणि एका वर्षी त्याने उपवास धरला तो मुसलमानांबरोबर. महिनाभर मांसाला शिवला नाही, मुसलमानांच्या घरचंही काही खाल्लं नाही. दिवसातून दोनदा फक्त भाकर आणि पाणी. बाईपासून दूर राहिला. देव मात्र त्याच्या मनात त्याचाच होता. एका मलिकाने त्याला पुन्हा धर्माबद्दल छेडलं, तेव्हा त्याने उत्तर दिलं की तुम्ही नमाज पढता तसा मीही प्रार्थना करतो. तुमच्या पाच, माझ्या तीन. त्यावर मलिक म्हणाला की तू मुसलमान नाहीस हे खरं, पण ख्रिस्ती रीतही तुला राहिलेली दिसत नाही. हे बोलणं त्याला लागलं. त्यानंतरचं पान नुसतं पश्चात्तापाचं आहे.

शरीअतने मुसाफिराला रोज्यातून सूट दिली आहे. प्रवासात धरला नाही तरी चालतो, घरी आल्यावर भरून काढायचा. जकातीचे जे आठ वाटे सांगितले आहेत त्यातही एक मुसाफिराचा आहे, मग तो आपल्या गावी श्रीमंत का असेना. आणि इथे हा एक मुसाफिर, ज्याच्यावर आपला रोजा फर्जही नव्हता, आपल्या सोबतीने उपाशी राहिला. कारण बाकी कुठलाच महिना त्याच्या हाताला लागत नव्हता.

परतीच्या वाटेवर, आपल्या मुलखात शिरता शिरता, स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच तो वारला. वह्या मागे राहिल्या, 1475 मध्ये त्या मॉस्कोत एका दरबारी लेखनिकाच्या हाती आल्या आणि बखरीत उतरल्या. लंडनच्या हॅक्लुट सोसायटीने 1857 मध्ये त्यांचं इंग्रजी भाषांतर छापलं. आमच्या आधीच्या पिढीला निकितिन ठाऊक आहे तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'परदेसी' सिनेमामुळे, 1957 चा, नर्गिस आणि बलराज साहनी होते त्यात.

त्या वहीचा शेवट रशियन भाषेत नाही. शेवटच्या ओळी अरबी आहेत, रशियन लिपीत कानावर पडल्या तशा लिहिलेल्या. भाषांतर बाजूला ठेवून मी मूळ अक्षरं लावत बसलो. उच्चार मोडके, शब्द एकमेकांत अडकलेले. पण दोन ओळींत ओळख पटली. सूरह हश्रच्या शेवटच्या आयती, अल्लाहची नावं. या मोडक्या अरबीवरून अभ्यासकांत वाद आहे, तो मुसलमान झाला होता का. आमच्यातल्या काहींना तो झाला असं ऐकायला आवडेल, आणि काहींना तो झालाच नाही असं. स्टेशनवर बोर्ड लावण्यासारखाच हा मोह. ज्याने खानाच्या हजार मोहरा नाकारल्या, त्याला साडेपाचशे वर्षांनी आपण फुकटात आपल्यात ओढायचं, हे मला पटत नाही.

एम.ए.ला मी परगावी होतो. पहिल्या रमजानमध्ये खोली मिळता मिळेना. नाव सांगितलं की खोली आताच दिली म्हणायचे. शेवटी एका मेसवाल्या मावशींनी वरची अडगळीची खोली झाडून दिली. रात्री डब्यात भाकरी आणि पिठलं झाकून ठेवायच्या, सहेरीसाठी. त्यांची स्वतःची एकादशी असली तरी डबा चुकला नाही.

काल इफ्तारनंतर अम्मीला या रशियन माणसाची गोष्ट सांगितली. घोडा, खान, हत्ती, सगळं ऐकलं तिने. मग म्हणाली, "अकेला था ना रे वो? सहेरी को उठाता कौन था उसको?"

तेव्हा एसटीडी बूथवरून मी फोन केला की मलाही ती हेच विचारायची. मी सांगायचो, मावशींचे मालक रात्रपाळीहून येतात, ते दार वाजवतात. निकितिनला कोण उठवायचं ते त्याने लिहिलेलं नाही.